मढी उकरायची ती कुणाला विचारून?

‘जुनी मढी कशाला उकरता?’ असं विचारणाऱ्याला बहुधा मृतांच्या शांततेपेक्षा स्वतःच्या शांततेची काळजी असते. पण कुदळ हातात घेऊन ‘सत्य बाहेर आलंच पाहिजे’ म्हणणारा तरी दरवेळी सत्याच्या बाजूचा असतो, असं थोडंच आहे? पुरलेला देह बाहेर काढण्याची कारणं इतकी निरनिराळी आहेत की ‘काढावा’ किंवा ‘काढू नये’ असं सरसकट मत देणाऱ्याने या विषयाकडे नीट पाहिलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की कारण कुठलंही असो, ते खोदण्याआधी ठरलेलं असावं आणि मृताच्या माणसांसमोर उभं राहून मोठ्याने सांगता यावं. जे कारण त्यांच्यासमोर उच्चारताना जीभ अडखळते, त्यात कुठेतरी खोट असते. आता ‘मृताची माणसं’ म्हणजे नेमकी कोण, यावरच अर्धी भांडणं होतात. त्याकडे पुढे येतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कबर उघडणं ही फार दुर्मीळ, भयंकर गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जगभर सर्वांत जास्त देह बाहेर काढले जातात ते जागेसाठी. पॅरिसमधलं ‘निष्पापांचं’ म्हणून ओळखलं जाणारं कबरस्तान ओसंडून वाहू लागल्यावर १७८० मध्ये बंद झालं आणि १७८६ पासून तिथली हाडं शहराखालच्या जुन्या दगडखाणींमध्ये हलवली गेली. इतर कबरस्तानांचीही त्यात भर पडत गेली. आज त्या बोगद्यांत सुमारे ६० लाख माणसांचे अवशेष आहेत असं मानतात. हाँगकाँगच्या सार्वजनिक कबरस्तानांत शवपेटीसह दफन केलेला देह ६ वर्षांनी बाहेर काढावा लागतो. सिंगापूरमध्ये ही मुदत १५ वर्षांची आहे. जर्मनीत कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी भाड्याने मिळते. लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी २०१५ मध्ये बेडलमच्या जुन्या दफनभूमीतून ३,००० हून अधिक सांगाडे काढले गेले. दुसऱ्या एका रेल्वेमार्गासाठी यूस्टनजवळ खोदकाम झालं, तेव्हा ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गाने पहिली प्रदक्षिणा घालणारा कप्तान मॅथ्यू फ्लिंडर्स सापडला. शवपेटीवरच्या शिशाच्या पाटीवर त्याचं नाव होतं, म्हणून तो ओळखता आला. २०२४ मध्ये त्याच्या जन्मगावी समारंभाने त्याचं दफन झालं. त्याच मातीतून निघालेल्या हजारो लोकांना पाटी नव्हती, त्यामुळे त्यांची बातमीही झाली नाही.

या कारणाला माझा विरोध नाही. जिवंत माणसांना जागा लागते, आणि हे कारण निदान उघड असतं. नोटीस निघते, मुदत दिली जाते, हाडं कुठे नेणार ते सांगितलं जातं. मला खटकतं ते वेगळंच. रेल्वेसाठी तीन हजार सांगाडे हलवले की तो विकास ठरतो. पण एका खड्ड्यात गोळ्या घालून पुरलेल्या तीस माणसांची नावं शोधायची म्हटली, की लगेच कुणाला तरी मृतांची विटंबना दिसू लागते, जखमांच्या खपल्या काढल्याचं दुःख होतं. मृतांविषयीचा हा आदर रस्त्याच्या आखणीच्या वेळी कुठे असतो?

जागेचं उघड कारणसुद्धा विचारल्याशिवाय पुढे रेटलं तर काय होतं, ते न्यूयॉर्कने पाहिलं आहे. १९९१ मध्ये तिथे एका सरकारी कार्यालयाच्या इमारतीचा पाया खणताना सतराव्या-अठराव्या शतकातलं आफ्रिकी लोकांचं कबरस्तान लागलं. त्यात गुलाम होते, स्वतंत्र माणसंही होती. नकाशावर ते होतंच, पण इतक्या खोलवर काही उरलं नसेल असं अधिकाऱ्यांनी गृहीत धरलं. सांगाडे निघत राहिले, काम चालूच राहिलं. शेवटी शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी आवाज उठवला, निदर्शनं केली आणि १९९२ मध्ये खोदकाम थांबलं. तोपर्यंत ४१९ जणांचे अवशेष वर आले होते. मग संशोधन हॉवर्ड विद्यापीठाकडे, मायकेल ब्लेकी या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवलं गेलं. त्यांनी आधी वंशजांना बोलावून विचारलं, की या हाडांकडून तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे. जुन्या पद्धतीच्या अभ्यासात कवट्या मोजून ‘वंश’ ठरवण्यावर भर असे. लोकांनी विचारलेले प्रश्न निराळे होते. ही माणसं आली कुठून, जगली कशी, त्यांच्यात बदल काय झाले, त्यांनी प्रतिकार कसा केला? त्या दिशेने पाहिल्यावर स्नायू जिथे हाडाला धरतात तिथल्या खुणांतून अंगमेहनतीची परिसीमा दिसली, मुलांच्या दातांतून उपासमार दिसली. २००३ मध्ये घानात कोरून घेतलेल्या शवपेट्यांतून सगळ्यांचं पुन्हा दफन झालं. हाडं तीच होती, मोजण्याची साधनंही साधारण तीच होती. प्रश्न विचारणारे बदलले, म्हणून उत्तरं बदलली.

सूड हे कारण फार जुनं आहे, पण त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ८९७ मध्ये पोप फॉर्मोससचं प्रेत कबरीतून काढून, पोपची वस्त्रं चढवून त्याच्यावर खटला चालवण्यात आला. उत्तरं द्यायला बाजूला एक धर्मसेवक उभा केला होता; म्हणजे आरोपीला बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही असं कुणी म्हणायला नको! चर्चवर टीका करणाऱ्या जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताची हाडं मृत्यूनंतर चार दशकांनी, १४२८ मध्ये जाळून नदीत टाकली गेली. इंग्लंडमधली राजेशाही उलथवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलचं प्रेत १६६१ मध्ये फासावर लटकवलं आणि त्याचं मुंडकं खांबावर लावलं. मेलेल्याला शिक्षा होत नाही हे करणाऱ्यांना ठाऊक होतंच. तो सगळा खेळ बघ्यांसाठी होता.

२०१९ मध्ये स्पेनने हुकूमशहा फ्रँकोचं शव त्याच्या भव्य स्मारकातून काढून माद्रिदजवळच्या साध्या कबरस्तानात हलवलं, तेव्हा ‘हा सूडच’ असं बरेच जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. शवपेटी उघडली गेली नाही, कुटुंबीय हजर होते, संसदेचा निर्णय झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली होती. आक्षेप घेणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत होते. त्याच स्मारकात ३३,००० हून अधिक माणसांचे अवशेष आहेत. त्यांतली अनेक फ्रँकोच्या विरोधात लढून किंवा त्याच्या माणसांच्या हातून मेलेली. त्यांना १९५९ पासून देशभरातल्या सामूहिक कबरींतून उकरून, घरच्यांना न विचारता तिथे आणलं गेलं. स्मारक भरायला मृत हवे होते! म्हणजे ज्याची कबर हलवणं पाप ठरत होतं, तो स्वतः हजारो न विचारता हलवलेल्या लोकांच्या सोबतीला झोपला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कबर उघडण्याची गरज जिथे सर्वांत जास्त असते, तिथेच ती सर्वांत वाईट रीतीने उघडली जाण्याचा धोका असतो. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवटीने हजारो माणसं उचलून नाहीशी केली. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. काहींना विमानातून समुद्रात फेकलं, काहींना सार्वजनिक कबरस्तानांत ‘निनावी’ म्हणून पुरलं. लोकशाही परतल्यावर न्यायाधीशांनी त्या निनावी कबरी उघडण्याचे आदेश दिले. हेतू चांगलाच होता. पण काम कबरस्तानातल्या मजुरांकडे गेलं, कुठे कुठे यंत्रांनी खोदलं गेलं. एकाची हाडं दुसऱ्यात मिसळली, कवट्या फुटल्या, सोबतच्या गोळ्या मातीत हरवल्या. नातेवाईक काठावर उभे राहून हे बघत होते. खुन्यांनी ठेवलेला पुरावा सद्भावनेने नष्ट होत होता.

१९८४ मध्ये क्लाइड स्नो हा अमेरिकन न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ तिथे आला. हाताशी माणसं नव्हती, कारण नावाजलेले लोक पुढे यायला कचरत होते. त्याने विद्यार्थी गोळा केले. कुणी पुरातत्त्वाचे, कुणी मानवशास्त्राचे, कुणी वैद्यकीचे. पुरातत्त्वज्ञ हजारो वर्षांपूर्वीचा सांगाडा ज्या सावकाशीने, कुंचल्याने माती झाडत मोकळा करतात, तीच रीत त्याने काही वर्षांपूर्वी पुरलेल्या तरुणांसाठी वापरायला शिकवली. गोळी कुठून शिरली, किती अंतरावरून झाडली, हाड मृत्यूआधी मोडलं की नंतर, हे नोंदलं जाऊ लागलं. १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला, तेव्हा स्नोने न्यायालयात पडद्यावर छायाचित्रं दाखवून साक्ष दिली. ‘चकमकीत मेले’ या सरकारी कहाणीला हाडांनी उत्तर दिलं. त्या विद्यार्थ्यांचं पथक पुढे डझनावारी देशांत गेलं. आज मानवाधिकारांसाठी जगात कुठेही शास्त्रशुद्ध उत्खनन होतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ही बुएनोस आइरेसची पोरं असतात.

इथवरची हकीकत सरळ आहे. पण आपल्या मुलांसाठी दर गुरुवारी चौकात फेऱ्या मारणाऱ्या आयांमधल्याच एका मोठ्या गटाने, एबे दे बोनाफिनी यांच्या नेतृत्वाखाली, या उत्खननाला कडाडून विरोध केला. त्यांची मागणी होती, ‘जिवंत नेलंत, जिवंत परत करा.’ वेड्या आशेपोटी त्या असं म्हणत नव्हत्या. मुलं मेली आहेत हे त्यांना कळत होतं. त्यांचा मुद्दा असा, की सरकार हातात हाडांची पेटी देईल, आपण रडू, पुरू, घरी जाऊ आणि प्रकरण मिटेल. कोणी नेलं, कोणी मारलं, आदेश कोणाचा होता, हे विचारणारं कुणी उरणार नाही. उलट आज्यांच्या संघटनेला उत्खनन हवं होतं. त्यांच्या सुना-लेकी गरोदर असताना नेल्या होत्या. सांगाड्यावरून बाळंतपण झालं होतं का याचा अंदाज बांधता आला, तर नातवंडं कुठेतरी जिवंत असण्याची शक्यता होती. एकाच दुःखातल्या बायका, एकाच राजवटीच्या बळी, आणि मतं पार विरुद्ध.

कोण बरोबर होतं? मी उत्खननाच्या बाजूचा आहे, तरी त्या विरोध करणाऱ्या आयांनी टाकलेला पेच मला सोडवता येत नाही, आणि तो खोटाही नाही. हाडं परत देणं ही सरकारसाठी खरोखरच स्वस्त सुटका होऊ शकते. सायप्रसचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकातल्या वांशिक हिंसाचारात आणि १९७४ च्या युद्धात तिथे ग्रीक आणि तुर्की अशा दोन्ही समाजांची मिळून सुमारे २,००० माणसं बेपत्ता झाली. १९८१ मध्ये दोन्ही बाजूंची संयुक्त समिती नेमली गेली, पण खोदायला सुरुवात व्हायला २००६ उजाडलं. आतापर्यंत निम्म्याहून अधिक जणांची ओळख पटली आहे, ती एका अटीवर. मृत्यूचं कारण काय आणि जबाबदार कोण, हे समिती ठरवत नाही. कवटीला भोक दिसलं तरी ते कशाचं आहे हे अहवालात येत नाही. अट घातली नसती तर खड्ड्यांच्या जागा सांगायला कुणी पुढे आलं नसतं, असं समर्थन केलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण अर्जेंटिनातल्या आयांना ज्याची धास्ती होती, ते इथे कागदावर करारबद्ध होऊन बसलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं, की या समितीचं काम चालू आहे म्हणून तुर्कस्तानची तपास करण्याची जबाबदारी संपत नाही. मला ही भूमिका पटते. पेटी देताना हा सौदा आहे हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे आणि न्यायालयाचा दरवाजा उघडा राहिला पाहिजे.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात तर पहिलं उत्खनन खुन्यांनीच केलं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलं मारून पुरली. उपग्रहाच्या छायाचित्रांत ताजी माती दिसू लागल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच लोक पुन्हा यंत्रं घेऊन आले, कबरी फोडल्या आणि देह ट्रकांत भरून दुसरीकडे पुरले. यंत्राच्या दातांनी शरीरं तुटली. पुढे एकाच माणसाची हाडं चार-चार, पाच-पाच ठिकाणी सापडली. डीएनएच्या आधारे ओळख पटवण्याचं एवढं मोठं काम त्याआधी कुठेच झालं नव्हतं. जवळपास ७,००० जणांना नाव मिळालं. दुसरी एक गोष्ट तिथे कमी बोलली जाते. युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाला गुन्हा सिद्ध करायला नावं लागत नव्हती. डोळ्यांवर पट्टी होती, हात तारेने बांधले होते, कबर दुसऱ्या जागेहून हलवली होती, एवढं पुरेसं होतं. घरच्यांना मात्र नाव हवं होतं. बाकी त्यांना आधीच माहीत होतं. खड्डा एकच, पण प्रश्न दोन. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून खोदणं थांबवायचं नाही, हे तिथे फार कष्टाने रुजलं. आजही एखाद्या घरी निरोप जातो, की मुलाचं मांडीचं हाड मिळालं आहे, दफन आता करायचं की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचं? हा निर्णय त्या आईनेच घ्यायचा असतो. तो तिच्यासाठी दुसऱ्या कुणी घेऊ नये.

हेतूवरून उत्खननाची पारख होते का? मलाही आधी तसं वाटायचं, पण रशियातलं कातीनचं जंगल त्या समजुतीला छेद देतं. १९४० च्या वसंतात सोव्हिएत पोलिसांनी तिथे ४,००० हून अधिक पोलिश अधिकारी गोळ्या घालून पुरले. इतर ठिकाणचे धरून मारलेल्यांचा आकडा सुमारे २२,००० वर जातो. १९४१ मध्ये ती जमीन जर्मनांच्या ताब्यात आली. १९४३ मध्ये त्यांनी कबरी उघडल्या, परदेशी डॉक्टर बोलावले, जगभर गाजावाजा केला. त्याच वेळी हेच जर्मन पोलंडमध्ये लाखो ज्यूंना मारत होते. हेतू याहून हलकट असूच शकत नाही. पण जे वर आलं ते खरं होतं. मृतांच्या खिशातल्या पत्रांच्या आणि रोजनिशींच्या तारखा १९४० च्या वसंतात थांबत होत्या. पुढे जमीन सोव्हिएतांकडे परत गेली, तेव्हा जानेवारी १९४४ मध्ये बुर्देन्को आयोगाने त्याच कबरी पुन्हा खोदल्या, १९४१ च्या तारखांचे कागद ‘शोधून’ काढले आणि खापर जर्मनांवर फोडलं. मॉस्कोने सत्य कबूल करायला १९९० साल उजाडलं. म्हणून मी खोदणारा कोण यापेक्षा, निष्कर्ष त्याच्या फायद्याविरुद्ध जाऊ शकेल अशी व्यवस्था आहे का, हे आधी बघतो. साक्षीला कोण आहे? नमुन्यांचा दुसरा संच कुणाकडे आहे? नोंदी इतरांना बघता येतात का? मृताचे नातेवाईक खड्ड्याच्या काठावर उभे राहू शकतात का? कातीनमध्ये दोन्ही वेळा त्यांना काही विचारलं गेलं नाही. त्यांचा देशच तेव्हा नकाशावर नव्हता.

‘मृताची माणसं’ हा प्रश्न आता टाळता येणार नाही. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रानादाजवळ मारून पुरलं, ते इतर तिघांसोबत. त्याच्या कुटुंबाला उत्खनन नको होतं. तिथे पडलेल्या असंख्य लोकांतून एकट्या प्रसिद्ध माणसाला वेगळं काढू नये, असं त्यांना वाटे. पण सोबत मारल्या गेलेल्यांच्या वारसांना आपली माणसं हवी होती. अखेर लोर्काच्या घरच्यांनी इतरांच्या आड न येण्याची भूमिका घेतली. २००९ मध्ये सांगितल्या गेलेल्या जागी खोदलं आणि तिथे एकही हाड मिळालं नाही. माझ्या मते ती भूमिका योग्य होती. आपल्या माणसाला हात लावू नका म्हणण्याचा हक्क आहे, पण त्याच्या शेजारी पडलेल्याच्या नातवाला अडवण्याचा नाही. प्रसिद्ध मृताच्या घरच्यांना हा फरक समजावणं सोपं नसतं.

हजारो वर्षं जुन्या अवशेषांत गुंता आणखी वाढतो, कारण नातू कोण हेच माहीत नसतं. १९९६ मध्ये अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी केनेविक इथे सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा निघाला. तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी ‘हा आमचा पूर्वज, आम्हाला द्या’ म्हटलं. शास्त्रज्ञ न्यायालयात गेले. नातं सिद्ध होत नाही, असं म्हणत २००४ मध्ये न्यायालयाने अभ्यासाला परवानगी दिली. २०१५ मध्ये त्याच सांगाड्याच्या डीएनएने दाखवलं, की आजच्या लोकांत तो मूळ अमेरिकन रहिवाशांच्याच सर्वांत जवळचा आहे. तुलनेसाठी नमुने देणाऱ्यांत दावेदारांपैकीच एक जमात होती. २०१७ मध्ये त्याचं दफन झालं. दोन्ही बाजू आपापल्या सोयीने ही गोष्ट सांगतात. शास्त्राचे पाठीराखे म्हणतात, अभ्यास झाला नसता तर नातं कळलंच नसतं. जमातींचं म्हणणं, आम्ही वीस वर्षं हेच सांगत होतो. दोन्ही खरं आहे.

अभ्यासकांची बाजू मी हलक्यात घेत नाही. जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात १८५६ मध्ये सापडलेल्या हाडातून १९९७ मध्ये निअँडरथल माणसाचा डीएनए पहिल्यांदा वाचता आला. मधल्या १४१ वर्षांत ते हाड कुणी ‘आदराने’ पुरून टाकलं असतं तर? पण ज्या कपाटांतून असं ज्ञान निघालं, त्याच कपाटांत त्रुगानिनीही होती. टास्मानियाची ही मूळ रहिवासी बाई १८७६ मध्ये वारली. आपल्या देहाची चिरफाड होईल या भीतीने मरण्याआधी तिने गयावया केली होती. दोन वर्षांत तिला उकरलं गेलं आणि पुढे तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत लोकांना बघायला ठेवला. १९७६ मध्ये, शंभर वर्षांनी, तिचं दहन होऊन रक्षा समुद्रात सोडली गेली. तिच्या हाडांतून विज्ञानाला काय मिळालं? ‘एका वंशाचा शेवट’ दाखवणारी एक वस्तू, आणि तो दावाही खोटा होता, कारण टास्मानियाचे मूळ लोक आजही आहेत.

विज्ञानाला विचारता येत नाही असं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने अलास्कातल्या ब्रेविग मिशन या वस्तीत पाच दिवसांत सुमारे ८० पैकी ७२ प्रौढ मेले होते. गोठलेल्या जमिनीत देह टिकले असतील या आशेने योहान हुल्टिन हा तरुण संशोधक १९५१ मध्ये तिथे गेला. त्याने गावच्या वडीलधाऱ्यांना बसवून सांगितलं, की या रोगाचा विषाणू मिळाला तर लस करता येईल, पुढची माणसं वाचतील. त्यांनी होकार दिला. विषाणू जिवंत करता आला नाही, तो रिकाम्या हाताने परतला. १९९७ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, स्वतःच्या खर्चाने तो पुन्हा गेला, पुन्हा परवानगी मागितली आणि एका स्त्रीच्या फुप्फुसाचा तुकडा घेऊन आला. जाताना कबरस्तानावरचे मोडलेले क्रूस नव्याने करून लावले. २००५ मध्ये त्या विषाणूची पूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाली. इथे मृतांकडून काही घेतलं गेलं आणि ते परक्यांच्या उपयोगासाठी घेतलं गेलं. तरी ते मला निर्मळ वाटतं, कारण त्यामागचा हेतू सांगता आला, नकार देण्याची मुभा खरी होती, आणि जेवढं मागितलं तेवढंच नेलं.

निव्वळ कुतूहलाविषयी मी कठोर आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर १८५० मध्ये मेला तो विषप्रयोगाने, असा एका लेखिकेला संशय होता. १९९१ मध्ये वंशजांच्या संमतीने कबर उघडली आणि आर्सेनिक अगदी सामान्य प्रमाणात निघालं. संमती होती हे मान्य. पण उत्तर काहीही आलं असतं तरी कुणाचं काय बदलणार होतं? स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं प्रकरण वरकरणी याहून थिल्लर होतं. ‘तो माझा बाप’ असा दावा एका स्त्रीने केला, न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०१७ मध्ये कबर उघडली, आणि जगाने चर्चा केली ती जशीच्या तशी टिकलेल्या मिशांची. दावा खोटा ठरला. तरी माझ्या लेखी टेलरपेक्षा या उत्खननाचं कारण वजनदार आहे. आपला बाप कोण हे विचारणारा माणूस जिवंत असतो आणि त्याचं आयुष्य त्या उत्तरावर अडलेलं असू शकतं. मात्र दुसरा कुठलाही मार्ग उरला नाही याची खात्री आधी व्हायला हवी.

न खोदण्याचाही दबाव असतो, आणि खोदण्याचाही. आयर्लंडमध्ये ट्यूम इथल्या अविवाहित मातांच्या आश्रमात १९२५ ते १९६१ या काळात मेलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉरलेस या स्थानिक अभ्यासिकेने एकेक करून मिळवल्या; दफनाच्या नोंदी जवळपास नव्हत्याच. वर्षानुवर्षं ‘आता कशाला’ हेच उत्तर मिळत राहिलं. २०१७ मध्ये चाचणी-खोदकामात भूमिगत कप्प्यांमध्ये अर्भकांचे अवशेष निघाले, २०२२ मध्ये कायदा झाला आणि पूर्ण उत्खनन २०२५ च्या जुलैत सुरू झालं. तिथे मृत मुलांची भावंडं म्हातारी होत होती, आणि ‘आता कशाला’ म्हणणाऱ्यांना काळाची साथ होती. कॅनडात याच्या उलट घडलं. २०२१ मध्ये कॅमलूप्स इथल्या, मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारने कबरीसारख्या खुणा टिपल्याचं जाहीर झालं, आणि मग बाहेरचे लोक ‘खोदून दाखवा’ म्हणू लागले. ज्यांची मुलं त्या शाळांत गेली, त्यांच्यात याबाबत एकमत नाही. परक्याची शंका हे खोदण्याचं पुरेसं कारण मी मानत नाही. पण रडार जमिनीतला बदल दाखवतो, हाड दाखवत नाही. तेव्हा खोदेपर्यंत आकडा सांगताना ‘शक्यता’ हा शब्द गाळता कामा नये.

या सगळ्यातून व्यवहारात उतरण्याजोगं मला जे दिसतं ते रूक्ष आहे. उत्खननाच्या परवानगीच्या कागदावर प्रश्न कोणता, तो कुणाच्या वतीने विचारला जातोय, आणि हाडांचं शेवटी काय करणार, हे आधीच लिहिलेलं असावं. दफनाचा आणि ओळख पटवण्याचा खर्च खोदकामाच्या खर्चातच धरावा. खोदायला पैसा मिळतो, कॅमेरे येतात, मंत्री येतात. पुढची दहा वर्षं प्रयोगशाळेला कुणी विचारत नाही आणि पेट्या गोदामात पडून राहतात. आणि घाई करू नये, हे मी नातेवाईकांना सांगणार नाही, पण सरकारला सांगेन. चिलीत सांतियागोच्या मोठ्या कबरस्तानातल्या ‘पातियो २९’ या भागात लष्करशहा पिनोशेच्या राजवटीने मारलेली माणसं निनावी पुरली होती. १९९१ मध्ये ती बाहेर काढली आणि त्यानंतरच्या वर्षांत ९६ जणांची ओळख पटवून घरच्यांना सोपवली. घरच्यांनी दफन केलं, नावं कोरली. २००६ मध्ये सरकारने कबूल केलं, की त्यांतल्या ४८ जणांची ओळख चुकली होती. इतकी वर्षं ज्या थडग्यावर फुलं वाहिली, त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा होता. कबरी पुन्हा उघडाव्या लागल्या, नमुने परदेशी प्रयोगशाळांत गेले, आणि त्या बायकांना रक्त द्यायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.